परके परजीवी आणि आपले साप: कोल्हापुरातल्या सर्पमित्रांसाठी आणि साप पाळणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

पाऊस लागला की आणि पुढे ऊसतोड सुरू झाली की कोल्हापूर जिल्ह्यातल्या सर्पमित्राच्या फोनला उसंत नसते. गोठ्यात नाग, पाचटात घोणस, न्हाणीत कवड्या, विहिरीत धामण. सर्पमित्र येतो, साप पिशवीत जातो, तोंडाला गाठ बसते आणि गाडी निघते. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, सापाचाही जीव वाचतो. पण त्या पिशवीत आधी कुठला साप होता, ती शेवटची कधी धुतली होती आणि आताचा साप नेमका कुठे सुटणार आहे, हे फारसं कुणी विचारत नाही. परक्या परजीवींना आपल्या सापांत शिरायचं झालं तर ते याच वाटेने शिरतील: पिशवी, गाडी, सोडायची जागा आणि हौसेने पाळलेला परदेशी साप. चारही गोष्टी माणसाच्या हातातल्या आहेत, म्हणून त्यावर सविस्तर लिहावंसं वाटलं.

एक आधीच स्पष्ट करतो. या लेखात साप धरायला शिकवलेलं नाही. देशी साप वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत. वनविभागाची परवानगी आणि रीतसर प्रशिक्षण असलेल्यांनीच ते हाताळावेत. बाकीच्यांना इथे वाचून आपल्या सर्पमित्राला योग्य प्रश्न विचारता आले तरी पुष्कळ झालं.

आधी फ्लोरिडाची हकिकत

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकाला एव्हरग्लेड्स नावाचा मोठा दलदलीचा प्रदेश आहे. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून तिथे पोहोचलेले ब्रह्मी अजगर निसटले, काही मालकांनीच सोडून दिले, आणि त्यांनी तिथे बस्तान बसवलं. अमेरिकेने २०१२ साली त्यांच्या आयातीवर बंदी घातली, पण तोवर ते रानात अंडी घालून पिलं काढत होते. अजगरांनी तिथले ससे, रॅकून, हरणं फस्त केली हे पुष्कळांनी वाचलेलं असतं. त्यांच्या फुफ्फुसांतून आणखी कोण आलं, हे त्यामानाने कमी जणांना माहीत आहे.

रायलिएटिएला ओरिएंटॅलिस हा सापाच्या फुफ्फुसात राहणारा परजीवी मूळचा आशियातला. दिसतो अळीसारखा, पण कुळाने खेकडा-कोळंबीच्या जवळचा. तोंडाभोवतीच्या चार आकड्यांनी तो फुफ्फुसाच्या अस्तराला पकड घेतो आणि रक्त पितो. आशियाई सापांचा आणि त्याचा सहवास फार जुना आहे. फ्लोरिडातल्या सापांना मात्र त्याची कधी ओळखच नव्हती. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की तिथल्या देशी सापांत हा परजीवी अजगरांपेक्षाही जास्त संख्येने आणि आकाराने मोठा वाढतो. पुढच्याच वर्षी तो मध्य फ्लोरिडात, अजगरांच्या वस्तीपासून पुष्कळ उत्तरेला, छोट्या पिग्मी रॅटलस्नेकमध्ये सापडला. अजगर जिथे गेलाच नव्हता, तिथे त्याचा परजीवी जाऊन पोहोचला होता.

हे घडलं कसं, ते नीट समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या सूचना त्यावर उभ्या आहेत. परजीवीची अंडी सापाच्या श्वासनलिकेतून तोंडात येतात, गिळली जातात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. ती विष्ठा झुरळं खातात. झुरळाला पाल, सरडा किंवा बेडूक खातो आणि त्याला साप खातो. दोन सापांची गाठभेटही लागत नाही. विष्ठा, झुरळ, पाल एवढ्यावर साखळी पूर्ण होते. आपल्याकडच्या कुठल्याही गोठ्यात किंवा गटाराच्या कडेला या साखळीचं सगळं साहित्य हजर असतं.

फ्लोरिडात आशियाचा परजीवी परका ठरला. उलट्या दिशेची वाटही तितकीच मोकळी आहे. आफ्रिकेतला बॉल पायथन आणि अमेरिकेतला कॉर्न स्नेक आज भारतात हौसेने पाळले जातात, आणि त्यांच्याबरोबर त्यांचं बिऱ्हाडही येतं.

आपलं कोण, परकं कोण

अंगावर गोचीड दिसली की साप आजारी, असा निष्कर्ष काढू नका. धामण, नाग आणि घोरपडीच्या अंगावर सापडणारी अँब्लिओमा गर्व्हेसाय ही गोचीड इथलीच आहे. खवल्याच्या कडेला घट्ट चिकटलेली, चपटी, तपकिरी, रक्त प्यायल्यावर फुगून करडी होणारी. धडधाकट धामणीच्या अंगावर अशा एक-दोन गोचिडी असतील तर त्या तशाच राहू द्याव्यात असं माझं मत आहे. त्या ओढून काढताना जखम होते, साप जास्त वेळ हातात राहतो आणि साधत काही नाही.

परक्यांच्या यादीत माझ्या लेखी पहिला नंबर सापाच्या पिसवेचा. इंग्रजीत हिला स्नेक माइट म्हणतात; कुत्र्या-मांजरांवरची उड्या मारणारी पिसू ती ही नव्हे. शास्त्रीय नाव ऑफिओनिसस नॅट्रिसिस. मूळ बहुधा आफ्रिकेतलं, पण पाळीव सापांच्या व्यापाराबरोबर ती जगभर पोहोचली आहे. हिला गोचीड समजू नका. गोचीड एका जागी चिकटून बसते, पिसू चालते. आकार जेमतेम मिलिमीटरभर. उपाशी असताना पिवळट-तपकिरी, रक्त प्यायली की गर्द लाल ते काळी. डोळ्याभोवतीची खाच, हनुवटीखालची घडी, गुदद्वाराजवळचे खवले या तिच्या आवडीच्या जागा. प्रमाण वाढलं तर सापाला रक्तक्षय होतो, कात तुकड्यातुकड्यांनी निघते, आणि एका सापाचे जिवाणू दुसऱ्यात नेण्याचं कामही ती करते.

दोन सूक्ष्मजीवही लक्षात ठेवावे लागतात. क्रिप्टोस्पोरिडियम सर्पेंटिस सापाच्या जठरात वाढतो. साप खाल्लेलं ओकतो, शरीराच्या मधल्या भागात टणक फुगवटा येतो, साप वाळत जातो. एंटामिबा इन्व्हेडन्स हा कासवांच्या आतड्यात सहसा त्रास न देता राहतो, पण सापात गेला तर आतड्याची चाळण करतो. म्हणून साप आणि कासव एका टाकीत, एका पाण्यात किंवा एकाच भांड्यातून आलटून पालटून कधीही ठेवायचे नाहीत. बाजारात मिळणारी लाल कानाची परदेशी कासवं कंटाळा आला की तळ्यात सोडून देण्याची जी सवय पडली आहे, ती याही कारणाने वाईट आहे.

पिशवी: सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या

पिसवेची मादी अंडी सापाच्या अंगावर घालत नाही. ती खाली उतरते, अंधारी आणि दमट फट शोधते आणि तिथे घालते. आयुष्यभरात साठ-ऐंशी अंडी होतात. कापडी पिशवीत अशी फट कुठे असते? तळाच्या शिवणीत. एखादी वापरलेली पिशवी उलटी करून तळाची शिवण दोन्ही अंगठ्यांनी फाकवून उन्हात बघा: दुमडलेल्या कापडाच्या आत धाग्यांचा गुंता, वाळलेली विष्ठा, खवल्यांचे पापुद्रे. पिसवेला याहून सोयीचं घर मिळणार नाही. पंचवीस अंशांच्या आसपास अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला साधारण १३ ते १९ दिवस लागतात, आणि रक्त न मिळताही ती काही आठवडे तग धरते. म्हणून “पिशवी आठवडाभर तशीच पडून होती, आता चालेल” हा हिशेब चुकीचा आहे.

पिशव्या शिवून घेतानाच काळजी घ्या. कापड पांढरं किंवा फिकट, घट्ट विणीचं सुती असावं, म्हणजे काळा ठिपका चालताना दिसतो. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायला सांगा. आत दुमड राहिली नाही की सापाचे दात-खवले अडकत नाहीत आणि पिसवेची जागाही जाते. प्रत्येक पिशवीवर पक्क्या शाईने नंबर घाला. एका फेरीत एक साप, एक पिशवी. गाडीच्या डिकीत आठ-दहा धुतलेल्या पिशव्या एका बंद डब्यात आणि वापरलेल्या दुसऱ्या बंद डब्यात, अशी सरळ विभागणी ठेवा. दोन्ही डब्यांची झाकणं घट्ट बसायला हवीत.

आता धुण्याचा क्रम. बहुतेक जण आधी नळाखाली पिशवी झटकतात, मग साबण लावतात. क्रम उलटा हवा. झटकताना विष्ठा गटारात जाते आणि तिथे झुरळं वाटच बघत असतात. म्हणून आधी उकळा, मग धुवा.

यासाठी एक जुनं पातेलं कायमचं वेगळं काढा, ते पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. वापरलेली पिशवी न झटकता, उलटी न करता थेट पातेल्यात टाका, वर पाणी घाला आणि खळखळून उकळू लागल्यावर पंधरा मिनिटं तसंच ठेवा. पिसवा, त्यांची अंडी, फुफ्फुसातल्या परजीवीची अंडी, क्रिप्टोस्पोरिडियम, कुणीच यातून वाचत नाही. ब्लीचवर भरवसा ठेवणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावं: क्रिप्टोस्पोरिडियमला ब्लीच जुमानत नाही, उकळतं पाणी मात्र त्याला मारतं. पाणी निवलं की ते संडासात ओता आणि मग पिशवी उलटी करून साध्या साबणाने स्वच्छ धुवा. पंचगंगेच्या घाटावर, रंकाळ्याच्या काठाला, ओढ्यावर किंवा विहिरीच्या धक्क्यावर सापाची पिशवी धुऊ नका.

वाळवणं सोपं वाटतं, पण जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात ऊन कुठलं? गगनबावड्याकडे, आंबा घाटाकडे तर कपडे चार-चार दिवस ओले राहतात. ओलसर पिशवी घडी करून ठेवलीत तर उकळण्याचा अर्धा फायदा गेला. पावसाळ्यात पिशवी घरात दोरीवर वाळवा आणि वर कडक इस्त्री फिरवा. शिवणीवरून सावकाश, दोन्ही बाजूंनी. पिसू ५५ अंशांच्या आसपास लगेच मरते. सुती कापडाच्या इस्त्रीचं तापमान त्याच्या कितीतरी वर असतं.

प्लॅस्टिकचे डबे, नळ्या आणि साप उचलायची आकडी यांना उकळणं जमत नाही. ते आधी साबणाच्या गरम पाण्याने घासा, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात दहा मिनिटं ठेवा, भरपूर पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. डब्यात ओकलेलं किंवा जुलाबासारखी विष्ठा असेल तर हे पुरेसं नाही. पाणी उकळून त्यावर ओता, नाहीतर तो डबा बादच करा. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, त्यातून निघणारा वायू माणसाच्या जिवावर उठतो. आणि फिनाइल वापरूच नका. ते सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी आहे, डब्यात राहिलेला त्याचा अंशही सापाला बाधू शकतो.

साप बघायचा कसा

विषारी साप तपासण्यासाठी हातात घ्यायचा नाही. नाग, घोणस, मण्यार, फुरसं यांना पारदर्शक नळीतून किंवा पारदर्शक डब्यातून जे दिसेल तेवढंच पुरे. डब्याच्या तळाला पांढरा कागद घाला आणि साप पाच-दहा मिनिटं शांत राहू द्या. साप काढल्यावर कागद उजेडात धरा. चालणारे काळे ठिपके दिसले तर ओल्या कापसाच्या बोळ्याने एक ठिपका चिरडा. लालसर डाग उमटला तर ते पोटातलं रक्त आहे, माती नव्हे. ही साधी परीक्षा रात्री दहाला मोबाइलच्या उजेडातही करता येते.

बिनविषारी साप हातात असेल तर जाणकाराने डोळ्याची कड, हनुवटीची घडी आणि गुदद्वार एवढं पाहावं. तेवढं दोन मिनिटांत उरकतं, त्याहून जास्त वेळ घेऊ नये.

मग श्वास. फुफ्फुसात परजीवी असले किंवा संसर्ग झाला असला की साप तोंड किंचित उघडं ठेवतो, मान वर ताणतो, तोंडाच्या कडेला चिकट बुडबुडे दिसतात, श्वासाबरोबर घरघर येते. इथे मात्र घाईने निदान करू नका. घोणशीचा कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आणि डिवचलेल्या धामणीची गुरगुर या निरोगी सापाच्याच खुणा आहेत. डिवचणं थांबल्यावर अर्ध्या तासानेही आवाज आणि उघडं तोंड कायम असेल, तर शंका घ्यावी.

साप सतत पाण्यात पडून राहत असेल तर तो पिसवा बुडवण्याच्या धडपडीत असू शकतो. दिवड मात्र पाण्यातलाच साप, त्याला हा नियम लावू नका. पाठीचा कणा उठून दिसणं, कातडी सैल लोंबणं, पोटाच्या मध्यावर न सरकणारी गाठ, ओकारी या खुणा दिसल्या तर साप सोडायचा नाही. वनविभागाला कळवून पशुवैद्याकडे न्यायचा.

सापडलं तर

आपल्याकडे प्रत्येक गोठ्यात जनावरांच्या गोचिडांचं औषध असतं, आणि सापावर पिसू दिसली की पहिला हात तिकडेच जातो. ते औषध सापाला लावू नका. गाई-म्हशीच्या वजनाला आणि कातडीला ठरवलेलं ते द्रावण सापाच्या मज्जासंस्थेवर घाला घालू शकतं. साप झटके देत, उलटापालटा होत मरतो. घासलेट, तंबाखूचं पाणी, करंजीचं किंवा कडुनिंबाचं तेल, हेही तितकंच वर्ज्य. सापावरच्या पिसवांसाठी पशुवैद्य फिप्रोनिल किंवा आयव्हरमेक्टिन वापरतात, पण मात्रा, पद्धत आणि प्राणी पाहून. आयव्हरमेक्टिन सापाला चालतं म्हणून कासवाला दिलंत तर कासव दगावतं, एवढ्यावरून ही औषधं किती जपून वापरायची असतात ते कळावं.

तुम्ही करायचं ते एवढंच. साप स्वच्छ डब्यात वेगळा ठेवा, तळाला पांढरा कागद, झाकणाला बारीक छिद्रं, आणि डबा दुसऱ्या कुठल्याही सापापासून वेगळ्या खोलीत. डब्याखाली रुंद ताटात साबणाचं पाणी ठेवा, म्हणजे बाहेर निघालेल्या पिसवा तिथेच अडकतील. आणि १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनला किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवा. सापाला खायला घालण्याची घाई नको. उपचाराखाली काही आठवडे ठेवावा लागलाच तर बाहेरच्या पाली-बेडूक आणून घालू नका. पशुवैद्यांच्या सल्ल्याने, गोठवून मग सामान्य तापमानाला आणलेले उंदीर द्यावेत.

स्वतःचीही काळजी घ्या. ही पिसू माणसाला चावते, मनगटावर आणि कमरेच्या पट्ट्याखाली खाजरं पुरळ उठतं. सापाच्या विष्ठेतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू येतो आणि काही फुफ्फुस-परजीवी माणसाच्या शरीरातही शिरू शकतात. साप हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय तंबाखू मळायची नाही, पाण्याची बाटलीही तोंडाला लावायची नाही. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात टाका.

कुठे सोडायचा

इथे सर्पमित्रावर सगळ्यात जास्त दबाव येतो. साप पकडला की घरातली मावशी म्हणतेच, “दादा, लई लांब नेऊन सोडा बघा, परत इकडं फिरकायला नको.” सर्पमित्रालाही वाटतं, राधानगरीच्या जंगलात सोडला तर साप सुखी राहील. मावशीची भीती खरी आहे आणि सर्पमित्राचा हेतूही चांगला आहे, पण लांब सोडणं हाच परजीवी पसरवण्याचा सगळ्यात वेगवान मार्ग आहे.

विचार करा. शहराच्या उपनगरात, जिथे एखाद्या फ्लॅटमध्ये कुणी बॉल पायथन पाळला आहे आणि त्याचा कचरा गटारात जातो, तिथली धामण पिशवीतून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर दाजीपूरला जाते. राधानगरी अभयारण्य १९५८ सालापासून संरक्षित आहे. आंबा, आजरा, चंदगडपर्यंतच्या या घाटपट्ट्यात मलबारी चापडा आणि जमिनीखाली राहणारे खापरखवले आहेत. यांतला मलबारी चापडा पश्चिम घाट सोडून जगात दुसरीकडे कुठेच नाही. धामण स्वतःच्या पोटाने सरपटत तिथवर गेली नसती. तिच्याबरोबरच्या परजीवीला ते अंतर आपण गाडीवर बसवून पार करून दिलं.

म्हणून साप सापडला तिथून शक्यतो एक किलोमीटरच्या आत, वस्ती टाळून, त्याच ओढ्याच्या, त्याच शिवाराच्या आसऱ्याला, त्याच दिवशी सोडावा. सापालाही हेच बरं. ओळखीच्या जागेत त्याला बीळ, पाणी, भक्ष्य माहीत असतं. अनोळखी रानात सोडलेले साप भटकतात आणि पुष्कळदा मरतात. मावशीला सांगायचं ते असं: “साप लांब सोडला तरी उंदीर असतील तर दुसरा येणार. वैरणीची गंजी भिंतीपासून हलवा, उकिरडा मागं न्या, मोरीला जाळी बसवा.” मी तर म्हणेन, निघायच्या आधी दहा मिनिटं थांबून ही कामं दाखवून द्यावीत. मोरीची जाळी आणि झुरळांचा बंदोबस्त झाला की परजीवीची साखळीही तिथे तुटते.

एक अपवाद: साप आपल्या भागातला नसेलच, तर तो कुठेही सोडायचा नाही. भाजीच्या ट्रकमधून, लाकडाच्या लोडमधून परमुलखातले साप येतात. जादूटोण्याच्या आणि पैशाच्या भूलथापांपायी मांडूळ जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरवले जातात. असे साप वनविभागाच्या ताब्यात द्यावेत, आणि सुटका करण्याआधी त्यांची तपासणी व्हावी असा आग्रह धरावा.

महापुरात

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोळपासून चिखली-आंबेवाडीपर्यंत पाणी घरात शिरलं. अशा वेळी साप भिंतींवर, झाडांवर, पत्र्यावर जमा होतात, फोन एकामागून एक येतात आणि ड्रममध्ये सहा-सात साप एकत्र भरले जातात. माणसाचा जीव आधी, यात दुमत नाही. पण तयारी मे महिन्यात करून ठेवली तर ड्रमची वेळ येत नाही. पन्नासेक पिशव्या धुऊन, इस्त्री करून, नंबर घालून तयार ठेवा. हवा जाईल अशी छिद्रं पाडलेले झाकणाचे डबे गोळा करा. गावानुसार उंचावरच्या सोडण्याच्या जागा वनविभागाशी बोलून आधीच ठरवा, म्हणजे चिखलीचा साप चिखलीच्या वरच्या माळाला जाईल, थेट पन्हाळ्याला नाही. डबे कमी पडले तरी दोन वेगळ्या गावांचे साप एका डब्यात नकोत. पूर ओसरल्यावर सगळ्या पिशव्या पुन्हा उकळायच्या, दमलेले असलात तरी.

घरात परदेशी साप असेल तर

देशी साप पाळता येत नाही, हा विषय तिथेच संपला. परदेशी प्रजातींसाठी वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या यादीतल्या प्रजाती, म्हणजे बॉल पायथनसुद्धा, केंद्र सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावर नोंदवाव्या लागतात. नोंद नसलेला, पावती नसलेला, “ओळखीतून” आलेला साप घेऊ नका. चोरट्या मार्गाने डब्यात कोंबून आणलेल्या जनावराची कुणीही तपासणी केलेली नसते.

नवा साप आला की किमान तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवा. तळाला भुसा किंवा नारळाचा काथ्या नको, पांढरा कागद हवा. पाण्याचं भांडं पांढरं ठेवा आणि रोज सकाळी तळ बघा, बुडालेल्या पिसवा काळ्या कणांसारख्या तिथे साचतात. या सापाचं काम दिवसाच्या शेवटी करा. पहिल्या महिन्यात विष्ठेची तपासणी पशुवैद्याकडून करून घ्या आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा. विष्ठा आणि वापरलेला कागद उकळतं पाणी ओतून, बंद पिशवीत घालून कचऱ्यात द्या, उघड्या उकिरड्यावर किंवा कुंडीतल्या खतात नको. खोलीत झुरळ आणि पाल शिरणार नाही अशी दाराची फट बुजवा. पाली खाणारा साप पाळलात तर गावातल्या पाली पकडून घालू नका.

तुम्ही सर्पमित्रही असाल आणि घरी परदेशी सापही असेल, तर माझी विनंती आहे की दोन्हींतलं एक निवडा. जमत नसेल तर निदान कपडे, पिशव्या, आकडी, हातमोजे आणि खोली पूर्ण वेगळी ठेवा. सोडवलेला साप एका रात्रीपुरताही त्या घरात नेऊ नका.

आणि सांभाळणं जमेनासं झालं तर साप कळंब्याच्या तलावाकडे किंवा पन्हाळ्याच्या रानात नेऊन सोडू नका. वनविभागाला कळवा. फ्लोरिडाची सुरुवात अशीच झाली होती.

मेलेला साप

रस्त्यावर चिरडलेला किंवा शेतात मेलेला सापडलेला साप ही परजीवींबद्दलची सगळ्यात भरवशाची माहिती असते, कारण फुफ्फुसातला परजीवी जिवंत सापात बाहेरून सहसा दिसत नाही. पण तो घरी नेऊन कापायचा नाही. मेलेला सापही संरक्षित वन्यजीव आहे, आणि विषारी सापाचं डोकं मेल्यावरही चावू शकतं. वनविभागाला कळवा, त्यांच्या परवानगीने पशुवैद्य शवविच्छेदन करतील. आपल्या बहुतेक सापांत उजवं फुफ्फुस लांबलचक असतं आणि डावं नावालाच. त्या उजव्या फुफ्फुसाचा मागचा भाग नुसती हवेची पिशवी असते. ती संपूर्ण लांबीने उघडून बघायची विनंती करा, फक्त हृदयाजवळचा भाग पाहून थांबू नये.

परजीवी सापडला तर तो ७० टक्के अल्कोहोलमध्ये घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत ठेवतात. फॉर्मेलिनमध्ये टाकला तर पुढे जनुकीय तपासणी अवघड होते. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाकावी, पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. ओळख पटवण्याचं काम जाणकारांचं. जवळच्या संस्था म्हणजे शिवाजी विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग, शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि पुण्याला आकुर्डीत असलेलं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र. नमुना वनविभागाच्या पत्रासह जावा.

वहीत प्रत्येक सापासाठी एक ओळ पुरे: तारीख, गाव आणि गट नंबर किंवा मोबाइलवरचं स्थान, सापाची जात, अंदाजे लांबी, पिशवीचा नंबर, अंगावर काही दिसलं का, कुठे सोडला. “काही दिसलं नाही” हेही लिहायचं. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा आणि तो सोशल मीडियावर टाकण्याआधी वनविभागाला पाठवा. १९२६ ला फोन करताना पहिल्या वाक्यात गावाचं नाव, दुसऱ्यात सापाची जात आणि तिसऱ्यात साप जिवंत की मेलेला, एवढं सांगितलंत की पुढची माणसं योग्य सामान घेऊन निघतात.